तुमचा स्लॅब कुणाच्या उधारीवर उभा आहे?

जालन्यात आमच्या घराचं काम सुरू झालं तेव्हा मी पुण्यात बसून एका अमेरिकी क्लायंटसाठी कोड लिहीत होतो. प्रोजेक्ट बांधकाम व्यवसायातला होता. फ्लोरिडात कुणी घराचं काम काढलं, की त्या कामाला माल पुरवणाऱ्या दुकानदाराला आणि ठेकेदाराच्या हाताखालच्या ठेकेदाराला घरमालकाकडे एक नोटीस पाठवावी लागते. तिचा मतलब असा: मी तुमच्या घरासाठी माल देतोय, तुमच्या ठेकेदाराने माझे पैसे बुडवले, तर मी तुमच्या घरावर हक्क सांगू शकतो. माल द्यायला सुरुवात केल्यापासून ४५ दिवसांत ही नोटीस गेली पाहिजे. कॅलिफोर्नियात हीच मुदत २० दिवसांची. आमचं सॉफ्टवेअर ते दिवस मोजायचं आणि मुदत संपायच्या आत नोटीस तयार करून द्यायचं.

टँपामधल्या कुणा अनोळखी म्हाताऱ्याला त्याच्या छपराच्या पत्र्यांचे पैसे कुणाला द्यायचे राहिलेत, हे वेळेत कळावं म्हणून मी रात्री जागत होतो. आणि त्याच दिवसांत जालन्यात माझ्या वडिलांच्या डोक्यावर स्लॅबबरोबर उधारीही चढत होती. तिची नोटीस त्यांना कुणी दिली नाही. देणार तरी कोण? आपल्या कायद्यात तसा हक्कच नाही.

हा लेख त्या 'नाही'च्या विरोधात आहे. कारण हे ऐकून बहुतेक घरमालक सुटकेचा श्वास सोडतात. मीही सोडला होता.

झालं ते थोडक्यात सांगतो. आमच्याकडे मराठवाड्यात ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. अकराशे चौरस फुटांचं काम सतराशे रुपये फुटाने, मालासहित, असं ठरलं. अठरा लाख सत्तर हजार. करार म्हणजे फुलस्केप वहीचं एक पान: बयाणा इतका, जोत्याला इतके, स्लॅबला इतके, गिलाव्याला इतके. खाली दोन सह्या. बाबा निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे कागद दिसायला फार भारदस्त होता. त्यावर लोखंड कुणाच्या दुकानातून येणार, सेंट्रिंग कुणाचं, मिस्त्री कोण, यातलं काहीही नव्हतं. आम्हाला ते विचारायचं सुचलंच नाही. मालासहित दिलंय म्हटल्यावर माल कुठून येतो ही गुत्तेदाराची डोकेदुखी, असं आम्ही धरून चाललो.

सप्टेंबरात स्लॅब पडला. आईने पेढे वाटले. तोवर आमचे बारा लाख गेले होते. त्यातले काही माझ्या गृहकर्जाचे, बाकीचे बाबांच्या निवृत्तीच्या पैशातले. पंधरा दिवसांनी गुत्तेदाराचा फोन लागेना. आणखी आठ दिवसांनी एकेक माणूस दारात यायला लागला.

पहिले आले लोखंड-सिमेंटचे दुकानदार. सोबत दोन माणसं. स्लॅबखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, चहा घेतला, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सर, दोन लाख चाळीस हजार राहिलेत. माल तुमच्या डोक्यावर आहे." दुसरा आला सेंट्रिंगवाला. त्याचं भाडं थकलं होतं, पण त्याच्या हातात काहीतरी होतं: प्लेटा आणि टेकू अजून आमच्या घरात होते, आणि तो म्हणाला, पैसे मिळेपर्यंत ते निघणार नाहीत. तिसरे आले मिस्त्रीमामा. त्यांचे आणि त्यांच्या हाताखालच्या आठ माणसांचे मिळून बासष्ट हजार. आठांपैकी चार बाया होत्या, स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून घमेली वर चढवणाऱ्या.

बाबांनी मला फोन लावला आणि मिस्त्रीमामांच्या हातात दिला. मी तोवर एका वकील मित्राला विचारून घेतलं होतं, त्यामुळे ठाम होतो. म्हणालो, "मामा, तुमचा व्यवहार गुत्तेदाराशी आहे. आमच्याशी नाही. आम्ही त्याला सगळे पैसे दिलेत."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, वाळू म्या गुत्तेदाराच्या घरी न्हाई चाळली."

कायद्याने माझं बरोबर होतं. ते कसं, हे आधी पाहू.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १७० मध्ये एक साधा न्याय आहे: तुमच्या ताब्यात दिलेल्या वस्तूवर तुम्ही मेहनत आणि कसब खर्च केलं, तर मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून धरायचा तुम्हाला अधिकार आहे. सरकारी मराठीत याला धारणाधिकार म्हणतात. कायद्यातलं उदाहरण हिऱ्याचं आहे. पैलू पाडायला दिलेला हिरा जवाहिऱ्याने मजुरी मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवला तरी चालतं. गॅरेजवाला तुमची गाडी याच न्यायाने अडवतो. पण घर ही ताब्यात दिलेली वस्तू नव्हे, ती स्थावर मालमत्ता. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याला जो हक्क आहे, तो घराला पैलू पाडणाऱ्याला नाही.

मग स्थावर मालमत्तेचा कायदा पाहा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे जमीन विकणाऱ्याचे पैसे राहिले असतील, तर मालकी गेल्यावरही त्या जमिनीवर त्याचा बोजा राहतो. घेणाऱ्याने आगाऊ पैसे दिले असतील, तर त्याचाही बोजा त्या मालमत्तेवर असतो. म्हणजे विकणाऱ्याची काळजी आहे, विकत घेणाऱ्याची आहे. त्या जमिनीवर घर उभं करणाऱ्याची नाही. त्याने कामाचे पैसे मागायला दिवाणी न्यायालयात दावा लावायचा, तोही साधारण तीन वर्षांच्या आत, आणि ज्याच्याशी व्यवहार झाला त्याच्यावर. इथे तो माणूस फोन बंद करून बसलेला.

घरमालकाला निदान एक दार जास्त आहे. १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणी ही ग्राहक कायद्यात 'सेवा' ठरली आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. त्यामुळे आम्ही गुत्तेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकलो. मिस्त्रीमामा ग्राहक नाहीत. त्यांना ते दार नाही.

आता बोजा हा शब्द आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, हे पाहत आपण मोठे झालो. कर्ज फिटलं की बेबाकी दाखला आणायचा आणि बोजा उतरवायचा, हे शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यालाही पाठ असतं. बँकांनी तर आणखी सोय करून घेतली आहे. मूळ कागदपत्रं ठेवून कर्ज घेतलं, की ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे त्याची सूचना दाखल करावी लागते. महाराष्ट्राने नोंदणी कायद्यात दुरुस्ती करून १ एप्रिल २०१३ पासून हे लागू केलं. गृहकर्ज घेतलेल्या प्रत्येकाने ती 'नोटीस ऑफ इंटिमेशन' भरलेली असते. मीही भरली. म्हणजे आमच्या घरात ज्यांचे ज्यांचे पैसे अडकले होते, त्यांच्यापैकी एकाच्याच हक्काची नोंद रीतसर झाली होती, आणि ती बँक होती. ज्याला सगळ्यात कमी धोका, त्याची नोंद सगळ्यात पक्की.

पुण्या-मुंबईत फ्लॅट घेणाऱ्याचं पाहा. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला प्रकल्पाच्या जमिनीवर कुणाचा बोजा आहे ते जाहीर करावं लागतं. लेखी करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. पण स्वतःच्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधणारा माणूस रेरात बसत नाही. जालना, परतूर, अंबड, भोकरदनमध्ये बहुतेक माणसं घर अशीच बांधतात. त्यांचं संरक्षण म्हणजे फुलस्केप वहीचं पान.

आणि मजुरांचं? बांधकाम परवानगीच्या वेळी आमच्याकडून एक टक्का उपकर घेतला गेला, बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी. १९९६ च्या कायद्याप्रमाणे तो बरोबरच होता. मी भरला आणि पावती फाइलला लावली. पुढे दोन-तीन महिन्यांत माझ्याच स्लॅबवर घमेली वाहिलेल्या बाया माझ्याच दारात मजुरी मागत उभ्या राहिल्या, तेव्हा ती पावती त्यांच्या काही कामाची नव्हती. त्या १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराला दहा लाखांपर्यंत सूट होती. २०२० साली संसदेने केलेल्या कामगार संहितांत ती मर्यादा पन्नास लाखांवर गेली. जालन्यासारख्या गावात पन्नास लाखांच्या आत किती घरं बसतात, याचा अंदाज तुम्हीच करा. लहान घरमालकाला त्रास नको, हा हेतू चांगला आहे. पण लहान घराचा मजूरही लहानच असतो.

आता मुद्द्यावर येतो. 'असा हक्क नाही म्हणून घरमालक सुरक्षित आहे' हे खोटं आहे. हक्क कायद्यात नसला म्हणून मागणी नाहीशी होत नाही. ती रस्त्यावर येते. आणि रस्त्यावर हिशेब कोणत्या क्रमाने मिटतो, ते आमच्याच घरात पाहा. दुकानदार दोन माणसं घेऊन येत राहिले. बाजारपेठ छोटी, पुढचं सामान त्यांच्याकडूनच घ्यायचं. बाबांनी एफडी मोडून त्यांना दीड लाख दिले आणि तडजोड झाली. सेंट्रिंगवाल्याने प्लेटा अडवल्या होत्या, त्याला सगळे मिळाले. मिस्त्रीमामांकडे ना माणसं, ना प्लेटा. त्यांच्याकडे फक्त ओळख होती. त्यांना चाळीस हजार मिळाले, तेही दोन हप्त्यांत, आणि ते माझ्यामुळे नाही. मी फोनवर कायदा सांगत होतो, बाबांनी देऊन टाकले. दुसरा हप्ता दिला तोवर दिवाळी होऊन गेली होती. चारांपैकी एक बाई जोडीने ऊसतोडीला निघून गेली होती. तिचे पैसे तिला पोहोचले का, हे मामांनाही सांगता आलं नाही.

म्हणजे आम्ही दोनदा पैसे भरले. फ्लोरिडात बांधकाम परवान्यावरच घरमालकाला इशारा छापलेला असतो, की अमुक नोंद केली नाहीत तर एकाच कामाचे दोनदा पैसे द्यायची वेळ येऊ शकते. त्यांच्याकडे हक्क आहे म्हणून इशारा आहे. आपल्याकडे हक्क नाही म्हणून इशारा नाही. दोनदा भरणं मात्र दोन्हीकडे आहे. आपल्याकडे शिवाय ते ज्याचा आवाज मोठा त्याला भरायचं.

हा हक्क अमेरिकेतही आभाळातून पडला नाही. १७९१ साली मेरीलँड राज्याने तो पहिल्यांदा कायद्यात आणला. वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभी करायची होती आणि पैशाची खात्री नसताना कारागीर यायला तयार नव्हते. कॅलिफोर्नियाने तर १८७९ च्या राज्यघटनेतच लिहिलं, की कारागीर, मालपुरवठादार आणि सगळ्या प्रकारच्या मजुरांना त्यांनी उभ्या केलेल्या इमारतीवर धारणाधिकार राहील. त्या व्यवस्थेत खोट आहे, हे मला तिच्यावर कोड लिहूनच कळलं. एक दिवस चुकला की हक्क बुडतो, प्रामाणिक मालकही कधी कधी दोनदा भरतो, वकिलांचं पोट भरतं. ती जशीच्या तशी उचला असं मी म्हणत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: घरावर कुणाकुणाचा पैसा चढणार, हे मालकाला वेळेत, लेखी कळलं पाहिजे.

माझी मागणी अशी. पहिली कुदळ पडायच्या आधी गुत्तेदाराने मालकाला एक पान द्यावं, मराठीत. त्यावर लोखंड-सिमेंटचं दुकान, वीटभट्टी, सेंट्रिंगवाला, मिस्त्री यांची नावं आणि फोन. खाली ठळक अक्षरांत: यांचे पैसे गुत्तेदाराने थकवले, तर यांचा तुमच्या घरावर हक्क राहील. त्या पानाची एक प्रत बांधकाम परवानगीच्या अर्जाला जोडायची. पुढे नवा पुरवठादार आला, तर त्यानेही मालकाला कळवायचं. ज्याने कळवलं नाही, त्याचा हक्क नाही. ज्याने कळवलं, त्याचा हक्क मालकाकडे गुत्तेदाराचे जेवढे पैसे द्यायचे बाकी आहेत तेवढ्यापुरताच, म्हणजे मालक दोनदा भरणार नाही. काम थांबल्यापासून ९० दिवसांत दावा लावला नाही, तर हक्क संपला. अपवाद एकच: मजुरीला नोटिशीची अट नको. घमेलं वाहणाऱ्या बाईने मालकाला पत्र पाठवावं, अशी अपेक्षा करणारा कायदा तिच्यासाठी नसतो. तिच्यासाठी मालकाने प्रत्येक हप्त्यातले दहा टक्के शेवटपर्यंत राखून ठेवावेत. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात असे दहा टक्के रोखून धरणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

हे महाराष्ट्राला करता येतं. करार आणि शेतजमीन सोडून इतर मालमत्तेचं हस्तांतरण हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. बँकांसाठी नोंदणी कायदा दुरुस्त करता आला, तर मिस्त्रीसाठीही करता येईल.

यावर तीन आक्षेप मला ऑफिसातल्या मित्रांनीच घेतले. पहिला: गुत्तेदार याचा वापर मालकाला नाडायला करतील. करतील. पण मी जो हक्क मागतोय तो गुत्तेदाराच्या मागच्या लोकांचा आहे, आणि त्याला बाकी रकमेची मर्यादा आहे. आज गुत्तेदार काम अर्धवट सोडून नाडतोच, तेही कुठल्याही मर्यादेशिवाय.

दुसरा: कोर्टात आधीच ढीग आहे, त्यात भर कशाला? नोटीस वेळेत आली तर कोर्टापर्यंत जायची वेळ कमी येते. दुकानदाराचं पत्र मला जोत्याच्या वेळी आलं असतं, तर स्लॅबचा हप्ता देताना मी एकच अट घातली असती: दुकानदाराची बेबाकी आण, मग पैसे घे. तेवढ्याने दोन लाख चाळीस हजार साचलेच नसते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड गेला, कारण तो बाबांचा होता. ते म्हणाले, "अरे, गावात विश्वासावर चालतं. असा कागद पुढे केला तर कुणी आपलं काम घेणार नाही." मी त्यांना विचारलं, बँकेने विश्वासावर दिले का? बँक टप्प्याटप्प्याने देते, आधी माणूस पाठवून काम बघते. सरकार तरी विश्वासावर देतं का? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे सपाट भागातले एक लाख वीस हजार रुपयेही हप्त्याहप्त्याने मिळतात, आणि त्यासाठी बांधकामाचा जागेच्या नोंदीसह फोटो चढवावा लागतो. बँक आणि सरकार कागद मागतात. विश्वासावर देतो तो निवृत्त शिक्षक, आणि विश्वासावर काम करतो तो मिस्त्री. मग बुडतात तेही हे दोघंच. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. पण आक्षेप त्यांनी मागेही घेतला नाही.

आमच्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया तयार होतात आणि ट्रकांनी बाहेरगावी जातात. त्या सळईचा प्रत्येक प्रवास कागदावर असतो: बिल, वजनपावती, ई-वे बिल. शेवटी ती कुणाच्या तरी कॉलममध्ये शिरते, वर काँक्रीट पडतं, आणि तिथून पुढे कागद संपतो. तिचे पैसे दिले गेले की नाही, हे ज्याच्या घरात ती आहे त्यालाच माहीत नसतं.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही, किंवा तुमच्या गावाकडे तुमचे आईवडील, घर बांधायला काढणार असाल, तर बयाणा देण्याआधी गुत्तेदाराकडून ती नावं लिहून घ्या. प्रत्येक हप्त्याआधी त्या नावांना फोन करा. विचारा, "आमच्या कामाचे किती राहिलेत?" या प्रश्नाला कुठल्याही कलमाची गरज नाही. शेवटचे दहा टक्के राखून ठेवा आणि ते देताना मिस्त्री आणि मजूर समोर उभे असू द्या.

आमचं घर मागच्या वर्षी पूर्ण झालं. गिलावा मिस्त्रीमामांनीच केला, थेट बाबांच्या बोलीवर, दर शनिवारी हिशेब. जुने बावीस हजार अजून राहिलेत. मामा ते मागत नाहीत आणि कायद्याने मी ते देणं लागत नाही. या लेखाचं मानधन आलं की त्यात भर घालून ते देणार आहे. ऊसतोडीला गेलेल्या त्या बाईचा पत्ता मात्र मामांना अजून लागलेला नाही.